पाठीराखा कोणाला म्हणावे?

प्रस्तावना



चहाच्या टपरीवर, एस. टी.च्या थांब्यावर किंवा कारखान्यातील जेवणाच्या सुट्टीत आदल्या दिवशीच्या सामन्याची चर्चा तुम्ही अनेकदा ऐकली असेल. कदाचित तिच्यात भागही घेतला असेल. एखादा नवा खेळाडू चमकला, की लोक त्याला डोक्यावर घेतात. पुढच्याच सामन्यात तो चुकला, की पराभवाचे सारे खापर त्याच्यावर फोडतात. दोन्ही वेळी बोलणारी माणसे तीच असतात आणि खेळाडूही तोच असतो. मग आठ दिवसांत बदलते ते काय?

प्रस्तुत पाठात फुटबॉलच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार केला आहे. हा वैचारिक लेख आहे. अशा लेखात लेखक एखादा प्रश्न मांडतो, उदाहरणे देतो, दोन्ही बाजू तपासतो आणि मग आपले मत सांगतो. फुटबॉलची माहिती नसली, तरी पाठ समजण्यास अडचण येणार नाही. आवश्यक ती माहिती पाठातच दिली आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :
• टीका, निंदा आणि तोंडसुख यांतील फरक स्पष्ट करणे;
• वस्तुस्थिती सांगणारे वाक्य आणि मत सांगणारे वाक्य वेगळे ओळखणे;
• वैचारिक लेखातील मुख्य विचार व त्याला आधार देणारी उदाहरणे शोधणे;
• एखाद्याच्या चुकीविषयी नेमक्या आणि संयमित शब्दांत लिहिणे.

मूळ पाठ

१. मधल्या फळीचे काम

फुटबॉलच्या संघात अकरा खेळाडू असतात. गोलरक्षक आपले गोलजाळे राखतो. त्याच्यापुढे बचावफळी असते. सर्वांत पुढे गोल करण्यासाठी धावणारी आघाडीची फळी असते. या दोहोंना जोडणारी ती मधली फळी. बचावफळीकडून चेंडू घ्यायचा, क्षणात चौफेर नजर टाकायची आणि योग्य साथीदाराकडे तो पोचवायचा. चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे गेला, तर धावत मागे येऊन त्याची वाट अडवायची, हे तिचे काम. सामन्यात सर्वांत जास्त धावपळ बहुधा याच खेळाडूंना करावी लागते.

परंतु हे काम गुणफलकावर दिसत नाही. गोल करणाऱ्याचे नाव वर्तमानपत्रात छापून येते. त्याच्या आधी तीन वेळा चेंडू अचूक पोचवणाऱ्याचे नाव क्वचितच येते. चूक मात्र लगेच दिसते. मैदानाच्या मध्यभागी चेंडू हातचा गेला, तर प्रतिस्पर्ध्याला थेट आपल्या गोलजाळ्याकडे धाव घेता येते. म्हणून मधल्या फळीतील नवख्या खेळाडूची पारख करणे कठीण असते. ती करण्यासाठी अनेक सामने पाहावे लागतात आणि पाहणाऱ्याच्या अंगी धीर असावा लागतो.

२. ब्याऐंशीवे आणि त्र्याऐंशीवे मिनिट

ऑक्टोबर २०१७मध्ये सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक फुटबॉल स्पर्धा भारतात झाली. सामन्यांच्या सहा शहरांत नवी मुंबई आणि मडगाव यांचाही समावेश होता. फिफाच्या विश्वचषक स्पर्धेत भारतीय संघ खेळण्याची ही पहिलीच वेळ होती. या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. मणिपूरची तर अनेक मुले होती. त्यांपैकी जिक्सन सिंग हा मधल्या फळीत खेळणारा उंचापुरा मुलगा त्या वेळी सोळा वर्षांचा होता.

६ ऑक्टोबरला पहिल्या सामन्यात अमेरिकेने भारताचा ३–० असा पराभव केला. दुसरा सामना ९ ऑक्टोबरला दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर कोलंबियाशी झाला. पूर्वार्धात भारताने बलाढ्य प्रतिस्पर्ध्याला गोल करू दिला नाही. उत्तरार्धाच्या आरंभी कोलंबियाने एक गोल केला. ब्याऐंशीव्या मिनिटाला संजीव स्टॅलिनने कोपऱ्यावरून चेंडू उंच मारला, जिक्सन उंच उडाला आणि त्याने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला. फिफाच्या विश्वचषकात भारताने केलेला हा पहिला गोल होता. मैदानावर आनंदाचा एकच कल्लोळ उसळला.

तो कल्लोळ शमण्यापूर्वीच, त्र्याऐंशीव्या मिनिटाला, कोलंबियाने दुसरा गोल केला. सामना भारताने १–२ असा गमावला. पुढे १२ ऑक्टोबरला घानाने ४–० असा विजय मिळवला आणि भारताचे आव्हान संपले. तीन सामने, तीन पराभव, केलेला गोल एक, स्वीकारलेले गोल नऊ.

हे आकडे सर्वांसाठी सारखेच आहेत. त्यांवरून काढलेले निष्कर्ष मात्र सारखे नसतात. कोणी म्हणेल, "इतिहास घडला." कोणी म्हणेल, "यजमान होतो म्हणून खेळायला मिळाले, नाहीतर आपली पात्रता काय?" पहिल्याला ब्याऐंशीवे मिनिटच आठवते आणि दुसऱ्याला त्र्याऐंशीवेच. खेळ समजून घेणारा माणूस दोन्ही मिनिटे एकत्र पाहतो. आनंदाच्या भरात संघाची मांडणी विस्कटली का? अशा क्षणी सावध राहण्याचा सराव मुलांना मिळाला होता का? असे प्रश्न तो विचारतो. या प्रश्नांतून पुढच्या संघाला काही मिळू शकते. नुसत्या जयजयकारातून किंवा नुसत्या हेटाळणीतून काही मिळत नाही.

जिक्सनची वाटचाल तेथे थांबली नाही. तो केरळ ब्लास्टर्स या संघाकडून इंडियन सुपर लीगमध्ये खेळला आणि मार्च २०२१मध्ये ओमानविरुद्ध भारताच्या वरिष्ठ संघात उतरला. म्हणजे त्या प्रसिद्ध गोलनंतर वरिष्ठ संघापर्यंत पोचण्यास त्याला सुमारे साडेतीन वर्षे लागली. अनिकेत जाधवही पुढे जमशेदपूर आणि हैदराबाद या संघांकडून खेळला. कोवळ्या खेळाडूला घडण्यास एवढा अवधी लागतो. त्याच्याविषयीचा निवाडा मात्र अनेकदा एका मिनिटात दिला जातो.

पाठगत प्रश्न १
(अ) मधल्या फळीतील खेळाडूचे काम गुणफलकावर का दिसत नाही?
(आ) 'ब्याऐंशीवे मिनिटच आठवणारा' माणूस कोणत्या प्रकारची चूक करतो?

३. भरलेले मैदान, रिकामे मैदान

महाराष्ट्रात फुटबॉलवर जीव टाकणारे शहर म्हणून कोल्हापूर प्रसिद्ध आहे. येथील फुटबॉल पेठापेठांतील तालमी आणि तरुण मंडळे यांच्या आश्रयाने वाढला. म्हणून पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ अशी संघांची नावे आढळतात. कुस्तीच्या तालमीचे नाव फुटबॉलच्या संघाला असणे, ही या शहराची खासियत होय. मोठ्या सामन्यांना शाहू स्टेडियमच्या पायऱ्या गच्च भरतात. खेळाडू आपल्याच गल्लीतला असतो. त्याचे आईवडील, शाळा, नोकरी सारे पाहणाऱ्याला ठाऊक असते. म्हणूनच त्याला मिळणारी शाबासकी घरच्यासारखी असते आणि बोलणीही घरच्यासारखीच बसतात.

या जिव्हाळ्याला दुसरी बाजू आहे. संघाचा अभिमान कधीकधी पेठेच्या ईर्ष्येत बदलतो. मग घोषणांच्या जागी शिव्या येतात आणि प्रकरण हुल्लडबाजीपर्यंत, प्रसंगी हाणामारीपर्यंत जाते. चुरशीच्या सामन्यांना पोलीस बंदोबस्त ठेवावा लागतो, तो त्यामुळेच. अशा वेळी मैदानात नुकताच उतरलेला अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा काय ऐकत असेल, याचा विचार पायऱ्यांवरच्या गर्दीत फारसे कोणी करत नाही.

याच महाराष्ट्रात दुसरे टोकही पाहायला मिळाले. १ जून २०१८ रोजी मुंबईत अंधेरीच्या मैदानावर भारताने चिनी तैपेई संघाचा ५–० असा पराभव केला. कर्णधार सुनील छेत्रीने तीन गोल केले. हा पराक्रम पाहण्यास अवघे २,५६९ प्रेक्षक उपस्थित होते. दुसऱ्या दिवशी छेत्रीने चित्रफितीद्वारे लोकांना आवाहन केले. युरोपातील क्लबांवर प्रेम करणाऱ्या भारतीय रसिकांना उद्देशून तो बोलत होता. आपला खेळ त्या दर्जाचा नाही, हे त्याने मोकळेपणाने मान्य केले. तरीही मैदानावर या, आम्हांला पाहा, हवे तर आमच्यावर ओरडा, आम्हांला नावे ठेवा, पण समोर येऊन ठेवा, असे त्याचे सांगणे होते.

४ जूनला केनियाविरुद्धच्या सामन्याची सर्व तिकिटे विकली गेली. छेत्रीचा तो शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. भर पावसात लोक थांबले आणि भारताने ३–० असा विजय मिळवला.

या प्रसंगातून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. कर्णधाराने स्तुतीची भीक मागितली नव्हती. त्याने टीकेला नकारही दिला नव्हता. त्याची अट एकच होती : आधी पाहा, मग बोला. घरबसल्या, सामना न पाहता, केवळ निकाल वाचून ठेवलेली नावे खेळाडूच्या कोणत्याच उपयोगाची नसतात. कोल्हापूरचा प्रेक्षक निदान ही अट पाळतो. तो उन्हात बसून सामना पाहतो. त्याने सांभाळायचा आहे तो फक्त आपला शब्द.

४. 'टीका' या शब्दाचा मूळ अर्थ

आज 'टीका' म्हणजे दोष दाखवणे, असा अर्थ आपण घेतो. जुन्या काळी या शब्दाचा अर्थ वेगळा होता. कठीण ग्रंथाचा अर्थ उलगडून सांगणाऱ्या लेखनाला टीका म्हणत. कालिदासाच्या काव्यांचा अर्थ विशद करणारा मल्लिनाथ हा थोर टीकाकार. ज्ञानेश्वरांनी शके १२१२मध्ये, म्हणजे इ. स. १२९०मध्ये सिद्ध केलेली 'भावार्थदीपिका' ही भगवद्गीतेवरील टीकाच होय. टीकाकाराला मूळ ग्रंथ बारकाईने वाचावा लागे, त्याच्याविषयी आस्था बाळगावी लागे.

हा मूळ अर्थ ध्यानी ठेवून एकाच खेळाडूविषयीची पुढील दोन वाक्ये वाचा :

"याला खेळता येत नाही. काढा याला बाहेर!"

"चेंडू घेण्याआधी तो मागे वळून पाहत नाही. त्यामुळे प्रतिस्पर्धी जवळ आलेला त्याला कळत नाही आणि चेंडू हातचा जातो."

दोन्ही वाक्ये दोषच दाखवतात. पहिल्या वाक्यात माणसाला निकालात काढले आहे. ते ऐकून खेळाडूने काय सुधारावे, हे कळत नाही. दुसऱ्या वाक्यात चूक कोणती, ती का होते आणि तिचा परिणाम काय, हे तिन्ही सांगितले आहे. दुसरे वाक्य अधिक कठोर आहे, कारण ते खरे आहे आणि नेमके आहे. तरी ते मनाला जखम करत नाही. उद्याच्या सरावाला उपयोगी पडते. हीच टीका. पहिले ते तोंडसुख. बोलणाऱ्याच्या मनातील राग त्यातून बाहेर पडतो, एवढाच त्याचा लाभ.

पाठगत प्रश्न २
(अ) छेत्रीने रसिकांना कोणती अट घातली?
(आ) टीका करण्यासाठी टीकाकाराजवळ कोणत्या दोन गोष्टी हव्यात?

५. चूक आणि माणूस

चुकीमुळे माणसालाच धिक्कारण्याची वृत्ती आपल्याकडेच आहे असे नाही. ३० जून १९९८ रोजी विश्वचषकात इंग्लंडचा अर्जेंटिनाशी सामना होता. इंग्लंडच्या मधल्या फळीतील तेवीस वर्षांच्या डेव्हिड बेकहॅमने प्रतिस्पर्ध्याला लाथ मारली. पंचांनी त्याला मैदानाबाहेर काढले आणि पुढे इंग्लंड पेनल्टी फटक्यांवर हरले. चूक बेकहॅमची होतीच. पण त्यानंतर लंडनमध्ये एका मद्यगृहाबाहेर त्याचा पुतळा फासावर लटकवण्यात आला आणि मैदानामैदानांवर तो चेंडूला पाय लावताच हुर्यो उडवली जाऊ लागली. त्याच्या क्लबने, मँचेस्टर युनायटेडने, त्याला सांभाळून घेतले आणि १९९९मध्ये त्या संघाने एकाच हंगामात तीन मोठी अजिंक्यपदे मिळवली. ६ ऑक्टोबर २००१ रोजी ग्रीसविरुद्धच्या सामन्याच्या अखेरच्या क्षणांत बेकहॅमने केलेल्या गोलामुळे इंग्लंडला पुढील विश्वचषकात थेट प्रवेश मिळाला. हुर्यो उडवणारेच त्या दिवशी टाळ्या वाजवत होते.

बेकहॅम तगला. परंतु सर्वांनाच असे तगणे जमत नाही. ज्याच्या पाठीशी मोठा क्लब नाही, घरात कमावते कोणी नाही, असा मुलगा चार बोचऱ्या शब्दांनी खेळ सोडून देऊ शकतो. तो गेल्याचे वृत्त कोठेही छापून येत नाही.

६. पाठीराख्यांची बाजू

येथे पाठीराख्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. तिकीट काढून, कामाचा खाडा करून आलेल्या माणसाला निराश होण्याचा हक्क आहे. ज्याचे प्रेम नाही, त्याला रागही येत नाही. शिवाय अति स्तुतीही घातकच असते. दोन सामने चांगले खेळलेल्या मुलाला जगज्जेता ठरवले, की त्याच्या खांद्यांवर न पेलणारे ओझे येते आणि पुढची निंदा तेथेच जन्म घेते.

तेव्हा प्रश्न राग असावा की नसावा, हा नाही. तो कोणावर आणि कशासाठी असावा, हा आहे. सरावाला मैदान नाही, प्रशिक्षक नाही, तालुक्याच्या मुलांना स्पर्धा नाहीत, या गोष्टींचा जाब सोळा वर्षांच्या मुलाला विचारून काय उपयोग? ऑगस्ट २०२२मध्ये त्रयस्थांच्या हस्तक्षेपाच्या कारणावरून फिफाने अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केले. ते निलंबन त्याच महिन्यात उठले. पण तेवढ्या दिवसांत देशाच्या संघाचे आंतरराष्ट्रीय सामने अडचणीत आले होते. अशा वेळी कारभाऱ्यांना प्रश्न विचारणे हे पाठीराख्यांचे कर्तव्य ठरते. दुर्दैवाने कारभारी मैदानात दिसत नाहीत, मुलगा दिसतो. म्हणून दगड त्याच्याकडे वळतो.

'पाठीराखा' हा मराठी शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. जो पाठ राखतो, तो पाठीराखा. पुढे लढणाऱ्याला आपली पाठ दिसत नाही. तेथून वार होणार नाही, एवढा विश्वास त्याला हवा असतो. पाठ राखणे म्हणजे चुका झाकणे नव्हे. चूक सांगावी, नेमकी सांगावी, समोर सांगावी. आणि सांगून झाल्यावर पुढच्या सामन्यालाही यावे. जो हे करतो, त्याला पाठीराखा म्हणावे.

शब्दार्थ

गुणफलक – दोन्ही संघांचे गोल दाखवणारा फलक
निवाडा – निर्णय
जिव्हाळा – आपुलकी
ईर्ष्या – चढाओढीतून येणारी असूया
हुर्यो – जाहीर उपहासाचा आरडाओरडा
विशद करणे – स्पष्ट करणे
त्रयस्थ – दोन पक्षांबाहेरील तिसरा

भाषाभ्यास

१. वाक्प्रचार : डोक्यावर घेणे – अतिशय कौतुक करणे, खापर फोडणे – दोष दुसऱ्यावर ढकलणे, तोंडसुख घेणे – मनसोक्त दोष देणे, नावे ठेवणे – दोष काढणे, जाब विचारणे – कारण सांगण्यास भाग पाडणे.

२. वस्तुस्थिती आणि मत : 'भारताने तीन सामन्यांत एक गोल केला' या वाक्याची खातरजमा करता येते. ते वस्तुस्थिती सांगते. 'भारताची पात्रता नव्हती' हे मत आहे. मत मांडण्यास हरकत नाही. मात्र त्याला वस्तुस्थितीचा आधार द्यावा लागतो.

तुम्ही काय शिकलात?

• मधल्या फळीतील नव्या खेळाडूची पारख एका सामन्यावरून होत नाही.
• टीकेसाठी बारकाईने पाहणे आणि आस्था या दोन्हींची गरज असते.
• चूक दाखवणे वेगळे आणि माणसाला धिक्कारणे वेगळे.
• अति स्तुती आणि निंदा या दोन्हींमुळे उमलत्या खेळाडूची हानी होते.
• खरा पाठीराखा चूक समोर सांगतो आणि साथही सोडत नाही.

पाठान्त प्रश्न

१. कोल्हापूर आणि अंधेरी या दोन उदाहरणांतून लेखकाला काय सुचवायचे आहे? आठ ते दहा ओळींत लिहा.
२. 'दुसरे वाक्य अधिक कठोर आहे', असे लेखक का म्हणतो? तुम्हांला ते पटते का? सकारण लिहा.
३. पुढील वाक्ये टीकेच्या स्वरूपात पुन्हा लिहा :
(अ) "या नव्या कामगाराला काही येत नाही."
(आ) "तुझे अक्षर म्हणजे नुसता चिखल!"
४. खालील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा : खापर फोडणे, जाब विचारणे, डोक्यावर घेणे.
५. तुमच्या गावातील एखाद्या खेळाडूचा किंवा कलावंताचा खेळ अथवा प्रयोग पाहून त्याला पत्र लिहा. त्यात एक गुण आणि एक दोष नेमकेपणाने सांगा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) गुणफलकावर केवळ गोलांची नोंद होते. चेंडू पोचवणे व प्रतिस्पर्ध्याची वाट अडवणे यांची होत नाही.
(आ) तो केवळ यशाचा क्षण पाहतो. त्यामागोमाग झालेली चूक आणि तिची कारणे विचारात घेत नाही.
२. (अ) आधी मैदानावर येऊन खेळ पाहावा आणि मग बोलावे.
(आ) बारकाईने केलेले निरीक्षण आणि विषयाबद्दलची आस्था.